माणूस नसलेला फोटो

शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या एखाद्या उंच पुलाखाली हिवाळ्यात पहाटे जाऊन उभं राहावं. ओहोळातून वर आलेलं धुकं खांबांचे पाय गिळून टाकतं, वरचा रस्ताही दिसत नाही, आणि मधल्या मध्ये काँक्रीटचे राखाडी तुकडे अधांतरी उरतात. भात कापून झालेलं असतं, खाचरांत नुसती धसकटं. तिपाईवर कॅमेरा लावून अर्धा मिनिट शटर उघडं ठेवलं की धुकंही दुधासारखं सपाट होतं. हाती येतो तो फोटो जलरंगातल्या चित्राच्या जास्त जवळचा वाटतो. तो कुठला, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. चीनमधला म्हटलं तरी खपेल.

अशा फोटोंचा चाहतावर्ग आता मोठा आहे. ओस रस्ते, बंद गिरण्या, पाण्याच्या टाक्या, रात्रीच्या औद्योगिक वसाहती, अर्ध्यावर सोडलेली बांधकामं. रंग कुंचल्यानं लावल्यासारखे, उजेड स्वप्नातल्यासारखा, आणि माणूस शक्यतो नाहीच. मी या पट्ट्यात वाढलो, इथंच कॅमेरा घेऊन हिंडतो, आणि असे फोटो मलाही आवडतात. म्हणूनच ही नजर आली कुठून, तिनं काय दिलं आणि शहापूर-मुरबाडमध्ये ती कुठं अडखळते, हे एकदा नीट मांडावंसं वाटलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आमच्याकडची कुठलीही जागा आपोआप रिकामी झालेली नाही. कुणाला पाण्यानं उठवलं, कुणाला रस्त्यानं, कुणाला प्लॉटिंगनं, तर कुणी पोटासाठी कुलूप लावून गेलं. ज्या फोटोत हे कारण कुठंतरी मुरलेलं असतं तो विसरता येत नाही. बाकीचे कॅलेंडरवर शोभतील.

या जातीचा फोटो फोटोग्राफीइतकाच जुना आहे. लुई दागेरनं १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांपल या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो वरच्या मजल्यावरून घेतला. तेव्हाच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. घोडागाड्या, पादचारी, सगळे हलते असल्यानं एकाचाही ठसा उमटला नाही आणि भरलेला रस्ता ओसाड दिसला. उरला तो एकच माणूस, बूट पॉलिश करून घ्यायला एक पाय वर ठेवून थांबलेला, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाल्याची पुसट आकृती. फोटोत आलेली जगातली पहिली माणसं बहुधा हीच.

लांब एक्स्पोजरला चालणारा दिसत नाही, थांबलेला दिसतो. मे महिन्यात शहापूरच्या एखाद्या पाड्यावर टँकरची वाट पाहत बाया हंडे रांगेला लावून बसतात. तिथं पाच मिनिटं शटर उघडं ठेवलं तर उडणारी धूळ, पळणारी पोरं, फिरणारी कुत्री सगळं विरून जाईल. हंड्यांची रांग राहील, आणि सावलीला टेकून बसलेली म्हातारी राहील. रिकाम्या जागेचा फोटो काढणाऱ्यानं हे तंत्र या अंगानं वापरलेलं मी फार कमी पाहिलं आहे. बहुतेक जण ते माणसं पुसायला वापरतात.

दागेरनंतर दोन पिढ्यांनी पॅरिसमध्येच युजेन आत्जे जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन भल्या सकाळी बाहेर पडायचा. जुनी दुकानं, अंगणं, जिने, मोडायला काढलेल्या गल्ल्या यांची त्यानं नोंद केली. त्याच्या लेखी ही नुसती कागदपत्रं होती, चित्रकारांना उपयोगी पडावीत म्हणून. १९२६ मध्ये अतिवास्तववाद्यांच्या मासिकानं त्याचे फोटो छापले, तेव्हा त्यानं आपलं नाव घालू नका असं सांगितलं. पुढं १९३१ मध्ये जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिननं या ओस गल्ल्यांची तुलना गुन्हा घडून गेलेल्या जागेशी केली. हा धागा मला फार मोलाचा वाटतो. गुन्ह्याच्या जागेचा फोटो देखणा असू शकतो, पण पाहणारा त्यात पुरावा शोधतो.

चित्रकलेत हेच काम ज्योर्जो दे किरिकोनं केलं. १९१० च्या दशकातली त्याची चौकांची चित्रं कमानींची, लांबलचक सावल्यांची, आणि भिंतीपलीकडून धूर सोडत जाणाऱ्या आगगाडीची. त्याचे वडील ग्रीसमध्ये रेल्वेचे अभियंते होते, त्यामुळं ती गाडी लहानपणीची. कसारा स्टेशनवर दुपारी लोकल रिकामी झाल्यावर मला दे किरिको आठवतो. इथं लोकलचा मार्ग संपतो आणि घाट सुरू होतो. थळ घाटातली रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली. चढ सदतीसास एक असा, म्हणून वर जाणाऱ्या गाडीला ढकलायला मागून बँकर इंजिनं लागतात. ती दुपारच्या उन्हात एकाला एक लागून उभी असतात. विजेच्या खांबांच्या सावल्या रुळांवर आडव्या पडतात, डोंगराची काळी भिंत मागं, आणि फलाटावर पाण्याच्या नळाशी एखादी पिशवी विसरलेली. काहीही न रचता चित्र तयार असतं.

आता आपल्याकडचा वारसा. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. फोटो चित्रासारखा दिसावा हा ध्यास मुंबईत जोरात आला तो १९३० च्या दशकात. कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे हा गट तेव्हाचाच, आणि १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली. जे. एन. उनवाला, ए. एल. सय्यद ही त्या परंपरेतली मोठी नावं. या मंडळींना जगभरच्या पिक्टोरिअलिस्टांच्या प्रक्रिया ठाऊक होत्या. ब्रोमॉइलमध्ये कागदावरची चांदीची प्रतिमा उडवून त्या जागी तेलकट शाई कुंचल्यानं थापटून बसवायची. गमप्रिंटमध्ये डिंकात रंग आणि बायक्रोमेट मिसळून कागदाला लावायचं आणि उन्हात धरायचं. प्रत्येक छाप वेगळी, हाताची.

या परंपरेत कष्ट होते, कौशल्य होतं, आणि एक मर्यादाही होती. धुळीतून घरी परतणारी गुरं, डोक्यावर घडे घेतलेल्या बाया, मंदिराच्या दगडावर पडलेली तिरीप, यांच्या पलीकडे ती फारशी गेली नाही. मुंबईच्या चिमण्या ज्या काळात आकाश काळं करत होत्या त्याच काळात हे कॅमेरे मऊ उजेड शोधत खेड्याकडे वळले. खेड्यातला तो मऊ उजेड येतो कशातून, हेही बघायला हवं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये भाताच्या रोपासाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत पसरून त्यावर मातीचा थर देऊन पेटवतात. संध्याकाळी मुरबाडच्या कुठल्याही टेकडीवरून खाली पाहा, धुराच्या निळसर पट्ट्या शेतांवर तरंगताना दिसतील आणि त्यांतून वर आलेली एखादी कारखान्याची चिमणी. ब्रोमॉइलवाल्यांना महिनाभर खपून साधायचं ते वातावरण इथं फुकट मिळतं. पण त्या धुराखाली कुणीतरी दिवसभर पाला वाहिलेला असतो.

कारखान्याला फोटोच्या चौकटीत मानानं बसवलं ते मित्तर बेदी यांनी. लाहोरात १९२६ मध्ये जन्मलेले बेदी मुंबईत स्थायिक झाले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी देशातले पोलादाचे, तेलाचे, खतांचे कारखाने टिपले. काम कंपन्यांसाठीचं, वार्षिक अहवालांत आणि जाहिरातींत छापायचं. तरी त्यांच्या कृष्णधवल फोटोंत नळ्यांची वेटोळी, टाक्यांचे गोल आणि चिमण्यांच्या रेषा अशा बसतात की ते अमूर्त चित्रांकडे झुकतात. माणूस असला तर मापासाठी, एवढ्या मोठ्या यंत्रापुढं एवढासा. तो काळ उद्योगाकडे डोळे भरून पाहण्याचा होता आणि बेदींच्या फोटोंत तो अभिमान खरा आहे. आज वासिंदच्या पोलादाच्या कारखान्याकडे किंवा मुरबाडच्या एमआयडीसीकडे कुणी त्या डोळ्यांनी पाहू शकत नाही. कायम नोकरीचं स्वप्न विरळ झालं, कंत्राटी पाळ्या राहिल्या. बेदींची रचना उसनी घेता येते, त्यांचा विश्वास उसना घेता येत नाही.

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्यानं उलटा रस्ता धरला. १९५९ पासून पुढं कित्येक दशकं त्यांनी झोतभट्ट्या, पाण्याचे मनोरे, वायूच्या टाक्या, खाणींचे पाळणे यांचे फोटो काढले. आभाळ नेहमी ढगाळ, सावली नाही, माणूस नाही, कोन ठरलेला. मग एकाच जातीच्या नऊ-बारा वस्तू चौकटीत ओळीनं मांडायच्या. १९७० च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच या बांधकामांना निनावी शिल्पं म्हटलं आहे, आणि १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्यांना पारितोषिक मिळालं ते शिल्पकलेसाठी. त्यांच्या हाताखाली आंद्रेआस गुर्स्की, कांडिडा होफर अशी पिढी तयार झाली. तिकडे अमेरिकेत १९७५ मध्ये रॉचेस्टरला न्यू टोपोग्राफिक्स हे प्रदर्शन झालं. बेखर त्यात होते. लुईस बाल्ट्झही होता, ज्यानं कॅलिफोर्नियातल्या नव्या औद्योगिक शेडच्या कोऱ्या भिंती टिपल्या होत्या. पडघ्याकडून भिवंडीकडे जाताना गोदामांच्या ज्या पांढऱ्या भिंती लागतात त्या पाहिल्या की बाल्ट्झ पुन्हा काढावा लागणार नाही असं वाटतं.

बेखरांची पद्धत रुक्ष वाटते, पण आमच्या भागाला तिच्याइतकी कामाची दुसरी पद्धत मला दिसत नाही. कल्पना करा, शहापूर तालुक्यातल्या नळयोजनांच्या कोरड्या टाक्यांचे फोटो. पाड्याच्या माथ्यावर उभी, चार खांबांवरची किंवा जमिनीवरची गोल, निळा रंग दिलेली, योजनेचं नाव आणि वर्ष लिहिलेली, तोटी मोडलेली. ढगाळ दिवशी, एकाच अंतरावरून, बारा टाक्या. शेजारी दुसरी चौकट फार्महाऊसच्या प्लॉटच्या कमानींची. आसनगाव ते किन्हवली, मुरबाड ते सरळगाव, रस्त्याच्या कडेला या कमानी दिसतात. दगडी खांब, मोठं लोखंडी फाटक, सोसायटीचं इंग्रजी नाव, आणि फाटकाच्या आत काहीही नाही. चुन्याच्या रेघा, वाळलेलं गवत, एखादा पाटीचा खांब. दे किरिकोच्या कमानींइतक्याच या विचित्र आहेत आणि त्यांच्यामागं जमिनीच्या व्यवहाराची अख्खी कहाणी आहे. बारा टाक्या आणि बारा कमानी समोरासमोर लावल्या तर वर एक शब्दही लिहावा लागणार नाही.

रंगाचं बोलायचं तर दयानिता सिंग यांचं ब्लू बुक आधी आठवतं. २००९ मध्ये आलेलं हे पुस्तक पोस्टकार्डांचं आहे, विषय कारखाने आणि औद्योगिक परिसर. दिवसाच्या उजेडासाठीची फिल्म सूर्यास्तानंतर वापरल्यानं सगळं निळं उतरलं, आणि ती चूक त्यांनी ठेवून दिली. त्या निळ्यात चिमण्या आणि धूर जणू पाण्याखाली गेल्यासारखे दिसतात. ध्रुव मल्होत्रा यांनी नोएडाच्या कडेला रात्रभर लांब एक्स्पोजर देत तयार होणारं शहर टिपलं. अर्धे पूल, मोकळे प्लॉट, सोडियम दिव्याच्या नारिंगी उजेडातल्या कुंपणाच्या भिंती. त्यांची झोपलेल्या माणसांची मालिका याच रात्रींतून निघाली, आणि रिकाम्या जागेत माणूस कसा आणायचा याचं उत्तर मला तिथं सापडतं. झोपलेला माणूसही थांबलेला असतो. तो लांब एक्स्पोजरला उमटतो.

मुरबाडच्या एमआयडीसीत सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आले तसा रात्रीचा रंग बदलला. नारिंगी उजेडात पत्र्याची शेड शेकोटीपुढं बसल्यासारखी दिसायची, आता पांढऱ्या उजेडात ती दवाखान्यासारखी दिसते. हे नोंदवलेले फोटो कुणाकडे असतील तर ते जपून ठेवण्यासारखे आहेत. सिनेमातून आलेली प्रेरणाही मोठी आहे, पण ती इथं ओझरतीच सांगतो. आन्तोनिओनीनं १९६४ च्या रेड डेझर्टसाठी राव्हेन्नाच्या कारखान्यांभोवतीचं गवत आणि झाडं रंगवून घेतली होती, आणि तार्कोव्हस्कीच्या १९७९ च्या स्टॉकरमधले ओसाड कारखाने आजही जगभरचे फोटोग्राफर आपापल्या गावात शोधतात.

मराठी चित्रकारांकडे मात्र थांबायलाच हवं, कारण आमच्या फोटोग्राफरांनी त्यांच्याकडे पुरेसं पाहिलेलं नाही. प्रभाकर बरवे, जन्म १९३६ चा, अलिबागजवळच्या नागावचा. कॅनव्हासवर एनॅमल रंगाचे सपाट, शांत विस्तार, आणि त्यांत घड्याळ, पान, कपाट अशा ओळखीच्या वस्तू आपापल्या वजनातून सुटल्यासारख्या. १९९० मध्ये आलेलं त्यांचं कोरा कॅनव्हास हे पुस्तक रिकाम्या अवकाशाविषयी मराठीत लिहिलेल्या सर्वांत नेमक्या पुस्तकांपैकी आहे. बरवे १९९५ मध्ये गेले. त्यांच्या चित्रातलं रिकामेपण पोकळ नसतं, वस्तूंमध्ये ताण असतो. रिकाम्या जागेचा फोटो काढू पाहणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा बरवे बघायला सांगेन, मग परदेशी नावं.

सुधीर पटवर्धन दुसऱ्या टोकाला. पुण्यात १९४९ मध्ये जन्म, १९७५ पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम, आणि त्याच ठाण्याच्या परिसराची चित्रं. पोखरण, उल्हासनगर, लोअर परळ ही त्यांच्या चित्रांची नावंच आहेत. उघडे डोंगर, नाले, चाळी, नव्या इमारतींचे सांगाडे, रेल्वेचे पूल. पण त्यांच्या बाबतीत भूदृश्य कधी निर्मनुष्य होत नाही. कुणीतरी भिंतीला टेकून असतं, कुणी पूल चढत असतं. क्ष-किरणांची फिल्म रोज उजेडावर धरून पाहणाऱ्या या माणसानं औद्योगिक ठाणे जिल्ह्याचं शरीर जितकं नीट पाहिलं तितकं कुठल्या कॅमेऱ्यानं पाहिल्याचं मला माहीत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये आधी बरवेंचं आणि वर्षअखेरीस पटवर्धनांचं सिंहावलोकन भरलं. एकाच वर्षात, एकाच इमारतीत, रिकाम्या अवकाशाचे दोन टोकाचे विचार.

आता आमच्या जागांकडे येतो. सुरुवात पाण्यापासून करायला हवी.

तानसा धरण १८९२ चं. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीची दगडी भिंत, जंगलाच्या मधोमध. वैतरणेवरचं मोडकसागर १९५७ चं, अभियंता मोडकांच्या नावाचं. मग भातसा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता १४.४७ लाख दशलक्ष लिटर धरली जाते, त्यातला निम्म्याच्या जवळचा वाटा एकट्या भातशाचा. मुरबाडच्या बाजूला बारवी, औद्योगिक विकास महामंडळाचं, ज्याच्यावर कल्याणपासून मीरा-भाईंदरपर्यंतची शहरं आणि कारखाने जगतात. या धरणाची उंची वाढवली तेव्हा तोंडली, मोहघर अशी गावं बुडिताखाली आली. काळू नदीवरच्या धरणाचं काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं थांबलं.

या सगळ्याचं दृश्य रूप विलक्षण आहे. भिवंडीकडे जाणाऱ्या जलवाहिन्या माणसापेक्षा उंच, काळ्या, शेतांतून सरळ निघालेल्या. आजूबाजूला भेगाळलेली जमीन आणि आतून शहराचं पाणी वाहतंय. नळीला कान लावला तर घरघर ऐकू येते. उन्हाळ्यात जलाशय उतरतो तेव्हा काठावर पाण्याच्या पातळीच्या पायऱ्या पडतात, झाडांचे पांढरे खुंट वर येतात, जुन्या बांधांच्या रेघा उमटतात. संध्याकाळच्या निळ्यात, लांब एक्स्पोजरनं पाणी काचेसारखं गुळगुळीत केलं की तो फोटो कुठल्याही अतिवास्तववादी चित्रापुढं उभा राहील. आणि इथंच पहिली अडचण येते. पाणी काचेसारखं केलं तर ते कुणाचंच राहत नाही. ते कुणाच्या तरी भाताच्या खाचरावर उभं आहे, हे सांगणारी एक तरी खूण चौकटीत ठेवावी लागते. ती बांधाची रेघ असेल, किंवा काठावर ठेवलेला रिकामा हंडा. मी असे फोटो छापून घेताना जलवाहिनीच्या शेजारची पायवाट कधी कापत नाही. त्या वाटेनं विहिरीवर जातात.

दुसरं रिकामेपण हंगामी आहे. दिवाळी झाली, भात झोडून झालं की कातकरी वाड्यांना कुलपं लागतात. कुलूप कसलं, काठी आडवी लावतात. वीटभट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला आख्खी कुटुंबं भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. फेब्रुवारीत अशी वाडी पाहिली तर ती चित्रकारानं रंगवून ठेवल्यासारखी दिसते. कुडाच्या भिंती, शेणाचं अंगण उन्हानं तडकलेलं, दाराशी उलटी टोपली. नेमक्या त्याच दिवशी वीटभट्टीवर माणसं दाटीनं राहत असतात. वाडीचा फोटो एकटा लावला तर तो उदास निसर्गचित्र होतो. त्याच कुटुंबाच्या भट्टीवरच्या झोपडीचा फोटो शेजारी आला की उदासपणाचं कारण दिसतं. दोन फोटोंची जोडी हा साधा उपाय आहे, आणि प्रदर्शनांत तो क्वचितच वापरला जातो, कारण जोडीतला दुसरा फोटो देखणा नसतो.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा मुंबईच्या ओस रस्त्यांचे फोटो जगभर गेले. मरीन ड्राइव्हवर एकही गाडी नाही, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपुढचा चौक मोकळा. चित्र म्हणून ते अप्रतिम होते. त्याच आठवड्यांत शहापूरवरून जाणारा नाशिक महामार्ग माणसांनी भरला होता. डोक्यावर बोचकी, खांद्यावर पोरं घेऊन कामगार कसारा घाट चढत होते, हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या गावांकडे. शहर रिकामं झालं म्हणजे माणसं आमच्या रस्त्यावर आली. मरीन ड्राइव्हचा तो फोटो आणि कसारा घाटाचा हा फोटो खरं तर एकाच घटनेच्या दोन काचा आहेत. रिकाम्या शहराचं सौंदर्य साजरं करणाऱ्या कितीतरी संग्रहांत दुसरी काच आलीच नाही. या संपूर्ण प्रकारावरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप त्या दिवसांतला आहे.

मुंबईच्या गिरण्यांबाबतही असंच घडलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढं गिरण्या बंद पडत गेल्या, आणि कुलाब्याची मुकेश मिल तर जळक्या भिंतींसह चित्रपटांच्या गाण्यांची आणि भयपटांची हक्काची जागा बनली. भग्न वास्तूचा उजेड सगळ्यांना हवा होता. तिथल्या खात्यांत उभं राहून साचे चालवणारे पडद्याबाहेर गेले.

या आक्षेपाला जुनी साथ आहे. नाटककार ब्रेख्तचा एक विचार बेन्यामिननं उद्धृत केला आहे: क्रुपच्या कारखान्याचा फोटो त्या कारखान्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण माणसामाणसांतले संबंध फोटोत येत नाहीत. एडवर्ड बर्टिन्स्की या कॅनेडियन फोटोग्राफरच्या खाणींच्या, चितगावच्या जहाजतोडणीच्या भव्य रंगीत फोटोंवरही हाच वाद घातला जातो: नासाडी इतकी सुंदर दाखवावी का? माझं उत्तर असं की दाखवावी. सुंदर नसेल तर लोक थांबत नाहीत, आणि थांबले नाहीत तर पाहत नाहीत. तानसाची जलवाहिनी राखाडी, कंटाळवाणी दाखवून कुणाचं भलं होणार नाही. पण थांबलेल्या माणसाला चौकटीत काहीतरी सापडलं पाहिजे. केवळ रंगाची लाट अंगावरून गेली आणि तो पुढं गेला, असं होता कामा नये.

या कसोटीवर आमच्याकडे सर्वांत जास्त फसतात ते समृद्धीच्या खांबांचे फोटो. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्याच टप्प्याच्या कामात, शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथं, ३१ जुलै २०२३ च्या रात्री, घड्याळात १ ऑगस्ट उजाडल्यावर, तुळई चढवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि वीस माणसं मेली. बरेचसे परप्रांतातून आलेले कामगार. धुक्यातल्या अधांतरी खांबांचा फोटो काढताना मला ते आठवतं, आणि मग मी सुरुवातीला सांगितला तसा फोटो काढूनही तो कुणाला देत नाही. त्यात त्या रात्रीची एकही खूण नाही. खूण कशी आणायची ते मला अजून साधलेलं नाही. हे अपयश फोटोग्राफराचं आहे, धुक्याचं नाही.

आता तर शब्द टाइप केले की संगणक असा धुक्यातला पूल, असा निळा कारखाना क्षणात बनवून देतो. तेही देखणे असतात. त्यामुळं पुढच्या काळात खऱ्या फोटोजवळ उरणारी गोष्ट म्हणजे त्याचा पत्ता. खर्डीजवळ, एप्रिल, पाणी उतरलेलं. एमआयडीसी, मुरबाड, रात्रपाळी सुटल्यावर. अशी एक ओळ मराठीत फोटोखाली आली की तो स्वप्न राहूनही जमिनीवर टेकतो. धरणांवर फोटो काढायला मनाई असते, खासगी आवारात तर असतेच. परवानगी मागायला गेलात तर पहारेकरी, पंप चालवणारे, व्हॉल्व्ह फिरवणारे भेटतात, आणि जागेची खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळते.

एक विनंती करून थांबतो. पटवर्धनांच्या पुढाकारानं २००८ च्या सुमारास आधुनिक भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत गेलं होतं. मोठं काम लहान गावात नेता येतं हे त्यानं दाखवलं. मुरबाड तालुक्यात म्हसा इथं पौष पौर्णिमेला यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, भांडी, पाळणे, आणि दोन्ही तालुक्यांतली माणसं तिथं लोटतात. शहापूर-मुरबाडच्या रिकाम्या जागांचे फोटो ज्यांनी काढले आहेत त्यांनी ते आधी तिथं एका मांडवात लावावेत, मुंबईच्या दालनात नंतर. खाली जागेचं नाव लिहा आणि शेजारी कोरी वही ठेवा. त्या जागेवर पूर्वी काय होतं, हे वहीत लिहून देणारी माणसं त्या गर्दीत असतील.